न उघडता घेतलेली गाठ



गेल्या पर्युषणात आमच्या कुटुंबात एक प्रसंग घडला. तो लिहावा की न लिहावा, या विचारात बरेच महिने गेले. ज्यांच्यावर तो ओढवला त्या काकाजींनीच परवा सांगितले, "लिही; फक्त माझे नाव घालू नकोस." म्हणून या वेळच्या सदरात तोच विषय घेते.

काकाजी हिंगणघाटचे. चाळीस वर्षे कापसाची अडत केली. आता गादीवर मुलगा बसतो, तरी बाजार भरण्याच्या दिवशी काकाजी समितीच्या आवारात हटकून जातात. बारा वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे आणि रक्तदाबही. सकाळी एक गोळी, सूर्यास्तापूर्वी एक, हा नेम कधी चुकला नव्हता. श्रावणात कुणीतरी समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर एक रील पाठवली. पांढरा डगला घातलेला, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला एक हसतमुख गृहस्थ चाळीस सेकंदांत सांगत होता की, गोळ्या बंद करा, एकवीस दिवस सकाळी कारले-मेथीचा रस घ्या, मग तीन दिवस उपवास करा. मधुमेह मुळासकट जाईल. शेवटी तो असेही म्हणाला की, या काळात तहान वाढली, लघवी वाढली, वजन उतरले तर घाबरू नका, शरीरातील विष बाहेर पडत आहे.

हे शेवटचे वाक्य मला आजही सर्वांत भयंकर वाटते. तहान, वारंवार लघवी आणि वजन घटणे ही तर अनियंत्रित मधुमेहाचीच लक्षणे. आजार वाढत चालल्याची जी सूचना शरीर देणार होते, तिचा अर्थ त्या माणसाने आधीच उलटा लावून ठेवला होता. काकाजींना तहान लागली तेव्हा त्यांना भीती वाटली नाही, आनंद झाला.

पर्युषणात त्यांनी तेल्याचे पच्चक्खाण घेतले. गोळ्या बंद आहेत हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते; काकीजींनाही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ते उठता उठता कोसळले आणि नीट बोलेनासे झाले. रुग्णालयात नेले तेव्हा साखर चारशेच्या पुढे आणि शरीर पार कोरडे पडलेले होते. तीन दिवस सलाईनवर गेले. शुद्धीवर येऊन बसू लागले तेव्हा तेथील ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारले, "काका, गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद केल्या?" काकाजींनी उशाखालचा फोन काढून दाखवला. डॉक्टरांनी ती रील दोनदा पाहिली, फोन परत दिला आणि म्हणाले, "आपला व्यवसाय काय?"

"कापसाची अडत, डॉक्टरसाहेब."

"मग ही गाठ न उघडताच कशी घेतलीत?"

काकाजी त्यावर काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र आठ दिवस तेच एक वाक्य घोळवीत होते. ज्या माणसाने कापसाची गाडी पाहताना वरचा थर कधी खरा मानला नाही, आत हात घालून मूठभर कापूस काढला, दोन्ही अंगठ्यांत ताणून धाग्याची लांबी पाहिली, ओल किती आहे हे नुसत्या स्पर्शाने सांगितले, त्याने स्वतःच्या देहाच्या बाबतीत वरचा थर पाहून सौदा केला. हे कसे घडले असावे?

काकाजी भोळे आहेत असे कुणी म्हणणार नाही. पण वस्तू परखण्याची सवय आपल्याला वस्तू समोर असतानाच येते. रील समोर येते ती करमणूक म्हणून. दोन विनोद, एक भजन, एक क्रिकेटचा झेल आणि मध्येच मधुमेह. सौदा होत आहे हे कळतच नाही, मग पारख कशाची करणार? शिवाय हे दुकान फार हुशार आहे. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक ज्या ठाणाकडे दोनदा पाहते, तेच ठाण जाणता विक्रेता उलगडतो. फोनमधील यंत्रणा नेमके हेच करते. आपण कोणत्या चित्रफितीवर किती सेकंद थांबलो, कोणती पुन्हा पाहिली, कोणती पुढे पाठवली, हे ती मोजत असते आणि तशाच आणखी दहा पुढे सरकवते. काकाजींनी ती एक रील पाहिल्यानंतर पंधरा दिवसांत त्यांचा फोन गोळ्या सोडून बऱ्या झालेल्या माणसांनी भरून गेला होता. साऱ्या जगाला हा उपाय ठाऊक आहे, केवळ आपले डॉक्टरच सांगत नाहीत, असे त्यांना वाटू लागले, ते त्यामुळेच.

हा प्रकार आपल्याकडे फार जुना नाही. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह 59 ॲपवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने आपल्या शॉर्ट्सची चाचणी भारतापासूनच सुरू केली. टाळेबंदीचे दिवस होते, दुकाने बंद, माणसे घरात आणि प्रत्येकाच्या मनात आजाराचे भय. आरोग्याच्या लघुचित्रफितींना याहून सुपीक जमीन कुठली मिळणार होती!

माझी पुतणी जिल्ह्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन सध्या इंटर्नशिप करते. अशा चित्रफितींचा शास्त्रशुद्ध अभ्यास कसा होतो, हे तिने काकाजींना व मला समजावून सांगितले. संशोधक प्रथम नवे खाते उघडतात, कारण जुन्या खात्याला मालकाची आवड ठाऊक झालेली असते. त्यावरून काढलेला नमुना निर्मळ नसतो. मग एखादा शब्द घालून शोध घेतात, समजा 'मधुमेह', आणि वर येणाऱ्या पहिल्या पन्नास किंवा शंभर चित्रफिती उतरवून घेतात. दोन परीक्षक त्या वेगवेगळे बसून पाहतात. एकमेकांशी न बोलता प्रत्येकाने ठरावीक प्रश्नपत्रिकेवर गुण द्यायचे. नंतर दोघांचे कागद ताडून पाहतात. जिथे मेळ बसत नाही तिथे तिसऱ्याचे मत घेतात. काकाजी म्हणाले, "म्हणजे रोकड दोघांनी वेगळी मोजायची आणि मग मेळ घालायचा. यात नवीन काय?" नवीन काही नाही, हेच तर मला आवडले.

या प्रश्नपत्रिकांपैकी दोन सर्वत्र वापरल्या जातात. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकाने 1997 मध्ये इंटरनेटवरील वैद्यकीय माहितीसाठी चार साध्या कसोट्या सांगितल्या: सांगणारा कोण व त्याची पात्रता काय, माहितीला आधार कशाचा, त्यात कुणाचे आर्थिक हितसंबंध आहेत काय, आणि ती कोणत्या तारखेची आहे. आपल्याकडे साधे बिलसुद्धा नाव, माल कुठून आला आणि तारीख यांवाचून कुणी स्वीकारत नाही. दुसरी प्रश्नपत्रिका 'डिसर्न' नावाची, ऑक्सफर्डमध्ये तयार झालेली, 1999 सालची. तिच्यात सोळा प्रश्न आहेत. उपचाराचे फायदे सांगितले आहेत काय, धोके सांगितले आहेत काय, उपचार न केल्यास काय होईल हे सांगितले आहे काय, दुसरे पर्याय सांगितले आहेत काय, आणि जिथे शास्त्रालाच खात्री नाही तिथे तसे कबूल केले आहे काय. ही प्रश्नावली मुळात छापील माहितीपत्रकांसाठी केलेली. तीस सेकंदांच्या चित्रफितीला सोळा प्रश्न लावणे काहीसे अन्यायाचे आहे, हे अभ्यासकही मान्य करतात. पण मला वाटते, ज्या वस्तूवर माणूस गोळ्या सोडतो तिच्याकडून एवढी अपेक्षा ठेवणे गैर नाही.

मग आम्ही घरीच एक प्रयोग केला. त्याला अभ्यास म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. जेवणानंतर दिवेलागणीच्या आधी अर्धा तास, एवढाच त्याचा पसारा. काकाजींनी लाल बांधणीची जुनी कोरी खातेवही काढली. पुतणीने नव्या फोनवर नवे खाते उघडले. नियम एकच होता, की आधी प्रत्येकाने आपापल्या पानावर लिहायचे, बोलायचे नंतर. पहिल्या दिवशी काकाजींनी ज्या चित्रफितीला भरघोस गुण दिले, तिलाच पुतणीने शून्य दिले होते. काकाजींना त्या माणसाची शुद्ध भाषा आणि मागे लावलेली समई भावली होती. पुतणीने लिहिले होते, "नाव नाही. पदवी नाही. खाली चूर्णाची लिंक."

दोन-तीन दिवसांत काकाजींची नजर तयार झाली. डगला घातलेल्यांपैकी आपली नोंदणीकृत पदवी सांगणारे फार थोडे, हे त्यांनीच टिपले. एका नामवंत हृदयरोगतज्ज्ञाच्या चेहऱ्याची चित्रफीत आली, तेव्हा ओठ आणि शब्द जुळत नाहीत हे प्रथम त्यांच्याच ध्यानात आले. यंत्राने बनवलेला चेहरा आणि यंत्राने बनवलेला आवाज. आणखी एका प्रकाराने आम्हां तिघांनाही फसवले. डॉक्टर खरे, बोलणेही खरे, पण तासाभराच्या मुलाखतीतील वीस सेकंद कापून घेतलेले. "काही निवडक रुग्णांत, देखरेखीखाली, गोळ्या कमी करता येतात," या वाक्यातील पहिले चार शब्द कापले की उरते, "गोळ्या कमी करता येतात." पुतणीने मूळ मुलाखत शोधून दाखवली, म्हणून कळले.

आपल्या परंपरेत याला नेमका शब्द आहे. वस्तूचा एक अंश सांगणारे कथन म्हणजे नय. ते खोटे नसते. पण तोच अंश म्हणजे पूर्ण वस्तू असे ठासून सांगितले आणि उरलेल्या बाजू नाकारल्या की त्याचा दुर्नय होतो. व्याख्यानात हे अनेकदा ऐकले होते. फोनच्या पडद्यावर ते असे उघड्या डोळ्यांनी दिसेल, असे वाटले नव्हते.

परदेशांतील अभ्यासांचे आकडे पाहिले तर आमच्या वहीचे नवल वाटत नाही. कॅनडातील संशोधकांनी 2022 मध्ये टिकटॉकवरील चंचलता-अवधानदोष या विषयाच्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या शंभर चित्रफिती तपासल्या. 52 दिशाभूल करणाऱ्या, 27 वैयक्तिक अनुभवाच्या आणि केवळ 21 उपयुक्त निघाल्या. फेब्रुवारी 2025 मध्ये सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी इन्स्टाग्राम व टिकटॉकवरील 982 पोस्टचा अभ्यास प्रसिद्ध केला. विषय होता निरोगी माणसांना सुचवल्या जाणाऱ्या पाच तपासण्या, त्यांत संपूर्ण शरीराचा एमआरआयही होता. सुमारे 87 टक्के पोस्टमध्ये तपासणीचे फायदे सांगितले होते. संभाव्य हानीचा उल्लेख 15 टक्क्यांहूनही कमी पोस्टमध्ये होता. आणि 68 टक्के खातेदारांचा त्या तपासणीत कोणता ना कोणता आर्थिक लाभ गुंतलेला होता.

या दुसऱ्या अभ्यासाकडे आपल्या समाजाने विशेष लक्ष द्यावे, असे मला वाटते. वाढदिवसाला आईवडिलांना 'फुल बॉडी चेकअप'ची भेट देण्याची रीत आता वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी सगळीकडे आली आहे. मुलांचा भाव चांगलाच असतो. पण तक्रार काहीच नसताना साठ-सत्तर चाचण्या केल्या की त्यांतील एखादी किंचित इकडेतिकडे निघणारच; मग तिच्यामागे दुसरी, दुसरीमागे तिसरी, आणि निरोगी माणूस महिनाभर धास्तीत. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. वयानुसार कोणती तपासणी खरोखर करावी, हे ओळखीचे डॉक्टर दोन मिनिटांत सांगू शकतात, आणि ती यादी बहुधा लहानच असते.

आता थोडे अप्रिय लिहिते. आपल्या गटांवर सर्वाधिक वेगाने फिरते ती रील कोणती? जी आपली स्तुती करते ती. जैनांचा उपवास विज्ञानाने सिद्ध केला, जपानी शास्त्रज्ञाला त्याबद्दल नोबेल मिळाले, हे आपण सर्वांनी ऐकले असेल; कित्येकांनी पुढेही पाठवले असेल, मीही पाठवले आहे. खरी गोष्ट अशी की योशिनोरी ओसुमी यांना 2016 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले ते पेशी आपलेच जीर्ण घटक मोडून पुन्हा वापरतात, त्या क्रियेची यंत्रणा उलगडल्याबद्दल. त्यांचे मूळ प्रयोग यीस्टवर, म्हणजे किण्वावर, झाले. ते किण्व त्यांनी उपाशी ठेवले होते हे खरे, परंतु सत्तर वर्षांच्या मधुमेही माणसाने गोळ्या सोडून तेला करावा, असे त्या संशोधनात कुठेही नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण, मर्यादित आहार यांचे काही लाभ आज अभ्यासले जात आहेत आणि ते वाचून मलाही आनंद होतो. पण आपण तप करतो ते निर्जरेसाठी. साखर उतरावी म्हणून केलेला उपवास हा औषधोपचार झाला, आणि मग त्याला औषधाचेच नियम लागू होतात: मात्रा किती, कुणाला चालेल, कुणाला चालणार नाही.

आपल्या शास्त्रकारांनी तर हा विवेक आधीच करून ठेवला आहे. सोळा कारण भावनांत तप आहे, ते शक्तीनुसार करावयाचे तप आहे. आणि पच्चक्खाणाच्या सूत्रांत आगार असतात. अजाणता घडले तर, अकस्मात तोंडात गेले तर, आणि तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषध घ्यावे लागले तर, व्रत मोडत नाही. शतकानुशतके प्रत्येक पच्चक्खाण देताना आपण हे अपवाद मोठ्याने उच्चारीत आलो आहोत. रीलमध्ये मात्र एकही आगार नसतो. काकाजींनी आयुष्यात शेकडो पच्चक्खाणे घेतली, सर्व आगारांसह; देहाला खाली पाडले ते एका आगार नसलेल्या पच्चक्खाणाने.

ज्यांना मधुमेह आहे व जे तप करू इच्छितात, त्यांनी पंधरा दिवस आधी डॉक्टरांकडे जावे. काही गोळ्या आणि इन्शुलिन उपाशीपोटी घेतल्यास साखर धोकादायक उतरते, म्हणून मात्रा बदलावी लागते. स्वतःहून बंद केल्यास ती चढते. हे दोन्ही धोके खरे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक आहे.

तसाच गोंधळ बी-12 जीवनसत्त्वाचा. बीट, मोड आलेली कडधान्ये, अमुक पान खाऊन सात दिवसांत बी-12 वाढवा, अशा रील शाकाहारी घरांत खूप पाहिल्या जातात. वनस्पतींत बी-12 विश्वासार्ह प्रमाणात नसतेच. आपल्याला ते दूध-दह्यातून थोडेबहुत मिळते. ज्या तरुणांनी करुणेपोटी दूधही सोडले आहे त्यांना गोळी अथवा पूरक आहार घ्यावाच लागतो. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दीर्घकाळ घेतल्यास बी-12 आणखी घटू शकते. तळपायांना मुंग्या येत असतील तर बीट खात बसू नये, रक्त तपासावे.

आपल्या जिल्ह्याला आरोग्यविषयक प्रयोगांचे वावडे कधीच नव्हते; 1936 पासून सेवाग्रामला राहिलेल्या बापूंनी तर आयुष्यभर स्वतःवर आहाराचे प्रयोग केले. दूध विकार उद्दीपित करते हे त्यांनी प्रथम ऐकले ते श्रीमद् राजचंद्रांकडून, असे त्यांनीच आत्मकथेत नमूद केले आहे. 1912 मध्ये टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात ते अतिसाराने इतके खंगले की जगण्याची आशा सुटली, आणि पुढे कस्तुरबांनी सुचवल्यावरून शेळीचे दूध घ्यावे लागले. व्रताचे अक्षर राखले, आशय राखला नाही, ही खंतही त्यांनी लपवली नाही. 1942 च्या ऑगस्ट ते डिसेंबर या काळात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावरील आपले जुने लेखन नव्याने लिहून काढले. त्यात शाकाहारी माणसाने दूध व दुधाचे पदार्थ घेणे आवश्यक आहे असे सांगून, हे माझ्या पूर्वीच्या मताहून वेगळे आहे, अशी स्पष्ट कबुली दिली. त्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर डॉ. सुशीला नायर यांनी केले. 1969 मध्ये सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय उभारणाऱ्या त्या याच. बापूंची सारीच आरोग्यमते आज टिकतील असे नाही. पण फसलेला प्रयोग फसला म्हणून सांगणारी एकही रील मला अजून आढळलेली नाही.

आणि वर्ध्याने आणखी एक पद्धत पाहिली आहे. 1951 मध्ये स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने डॉ. वारदेकरांच्या नेतृत्वाखाली कुष्ठरोगासाठी घरोघर पाहणी, लोकशिक्षण व उपचार अशी तिहेरी कार्यपद्धती येथून घडवली. कार्यकर्ता दारी येई, ओसरीवर बसे, गैरसमज ऐकून घेई, उत्तर देई आणि पुन्हा येई. काम संथ होते. पण त्याला प्रश्न विचारता येत होता.

सर्व चित्रफिती टाकाऊ आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी 'ओआरएस' असे नाव मिरवणाऱ्या गोड पेयांविरुद्ध वर्षानुवर्षे झगडा दिला, चित्रफितींतून मातांना सावध केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते. या पेयांत साखर त्याच्या कित्येक पट, आणि अतिसार झालेल्या बाळाला ती अपायकारक. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरण्यास मनाई केली. त्यांच्या चित्रफितींना 1997 च्या त्या कसोट्यांची पट्टी लावून पाहा: नाव आहे, पदवी आहे, आधार आहे, विकायचे काही नाही. आपल्यापैकी ज्यांची औषधांची वा किराण्याची दुकाने आहेत, त्यांनी फळीवरचा जुना माल अवश्य पाहावा.

दुकानांचा विषय निघालाच आहे, तर तेही लिहून टाकते. आपलीच मुले आता चूर्णे, तेले, 'शुगर-फ्री' खाकरे विकण्यासाठी रील करू लागली आहेत. उद्यमशीलतेचे कौतुकच आहे. पण 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्यात मधुमेह, रक्तदाब, स्थूलता अशा अनेक विकारांची यादी आहे, ज्यांवर औषधाने उपाय होतो अशी जाहिरात करणे हाच गुन्हा आहे. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने आरोग्यविषयक प्रचार करणाऱ्यांनी आपली पात्रता उघड सांगावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला वा प्रचारकाला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याचे भय बाजूला ठेवले, तरी सत्याणुव्रताच्या अतिचारांत पहिला येतो तो मिथ्योपदेश. खोटे माप आणि बनावट माल यांना आपण अचौर्याचे अतिचार मानतो आणि त्यांबाबत आपली पेढी जपून असते. मिथ्योपदेश मात्र आपण रोज सकाळी चहाबरोबर पाच गटांवर पाठवीत असतो, 'जसे आले तसे' असे लिहून. 'जसे आले तसे' या सबबीवर खोटी हुंडी पुढे चालवणाऱ्याला बाजारात कुणी उभे केले असते काय?

पुतणीने आता एक सुचवले आहे. जिल्ह्यात सेवाग्राम व सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. चातुर्मासात स्थानकात किंवा मंदिराच्या सभागृहात एखाद्या रविवारी तिच्यासारखे दोन-चार तरुण डॉक्टर बोलवावेत, भाषण ठेवू नये. लोकांनी आपापल्या फोनवर आलेल्या रील घेऊन यावे आणि सर्वांसमोर त्या उघडून पाहाव्यात. आमच्या मंडळाने होकार दिला आहे. फक्त पडदा आणि प्रोजेक्टर कुणाकडून आणायचा, यावर दोन बैठका झाल्या आहेत.

काकाजींच्या गोळ्या पुन्हा सुरू आहेत. या वर्षी पर्युषणात तेला नाही. डॉक्टरांना विचारून, मात्रा बदलून घेऊन, एकासणे करायचे ठरले आहे. सुरुवातीला त्यांना त्याची लाज वाटत होती. महाराजसाहेबांनी समजावल्यावर ती गेली. रील पाहणे त्यांनी सोडलेले नाही, पुढे पाठवणेही नाही. पण आता प्रत्येक रीलखाली त्यांची एक ओळ असते. काल रात्री गटावर आली ती अशी: "गुडघेदुखी. बोलणाऱ्याचे नाव नाही, तारीख नाही, खाली तेलाची बाटली 499 रुपये. ज्याला घ्यायची त्याने उघडून घ्यावी."